लँगहोमच्या टेकडीवरून : स्कॉटलंडमधली एक इतिहासयात्रा

इ. स. १८१८ हे साल मराठी माणसाला विसरता येत नाही आणि इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला तर नाहीच नाही. त्या वर्षी ६ जानेवारीला मंदसौरचा तह झाला. होळकरांच्या बाजूने तात्या जोग होते आणि इंग्रजांच्या बाजूने सर जॉन माल्कम. पाच महिन्यांनी, ३ जूनला, असीरगडाच्या परिसरात दुसरे बाजीराव पेशवे शरण आले, तेही याच माल्कमला. वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन पेशवे ब्रह्मावर्ताला गेले आणि मराठेशाहीचे शेवटचे पान उलटले गेले.

याच वर्षी, दोन्ही घटनांच्या मधोमध, ४ फेब्रुवारीला, हजारो मैल दूर एडिनबर्गच्या किल्ल्यात एका बंद खोलीतल्या पेटीचे कुलूप तोडण्यात आले. आत कापडात गुंडाळलेला स्कॉटलंडचा राजमुकुट होता, राजदंड होता, तलवार होती. १७०७ साली स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन झाली, तेव्हा ही राजचिन्हे पेटीत बंद करून ठेवली होती. पुढे ती कोणी पाहिलीच नाहीत. ती कधीच इंग्लंडला नेली असणार, अशीच लोकांची समजूत झाली होती. राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराजाकडून परवानगी मिळवून ती पेटी उघडायला लावणारा गृहस्थ होता कवी आणि कादंबरीकार वॉल्टर स्कॉट.

आता गंमत अशी की माल्कम हाही स्कॉटिश, आणि स्कॉटचा स्नेही. एका मित्राने आपल्या देशाचा हरवलेला मुकुट शोधून काढला, त्याच वर्षी दुसऱ्याने आपल्या देशातली एक राजसत्ता मोडून काढली. हे दोघे जिथून आले तो देश आहे तरी कसा, हा प्रश्न आमच्या डोक्यात बरीच वर्षे होता. भाचा एडिनबर्गला नोकरीला लागला आणि गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता, भाचा आणि सूनबाई असे चौघे मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून बारा दिवस स्कॉटलंड फिरलो. खाली लिहिले आहे ते प्रवासवर्णन कमी आणि त्या वाटेवर भेटलेला इतिहास जास्त.

चाकांवरचे घर

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे छोटे घर. दोन बाकांचे रात्री पलंग होतात, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी, दुसऱ्यात मोरी. पोह्यांचे डबे आणि गोडा मसाला बरोबर असला की माणसाला आणखी काय लागते! रात्री कॅरव्हॅनच्या तळावर जागा घ्यायची, विजेची तार जोडायची, पाण्याची टाकी भरायची. रस्त्याच्या नियमानुसार कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी पन्नास मैलांच्या वर जाता येत नाही, आणि डोंगरातल्या एकेरी वाटांवर तर मध्येमध्ये ठेवलेल्या रुंद जागांत थांबून समोरच्याला वाट द्यावी लागते. त्यामुळे प्रवास सावकाश होतो. इतिहास पाहायला निघालेल्याला हाच वेग बरा.

या हौसेचा इतिहासही स्कॉटलंडशी जोडलेला आहे. बॅम्फशायरमध्ये जन्मलेले डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे इंग्रजी आरमारातले निवृत्त डॉक्टर. मुलांसाठी साहसकथा लिहिणे हा त्यांचा उत्तरायुष्यातला व्यवसाय. त्या काळी चाकांच्या घरात राहत ते भटके जिप्सी आणि सर्कसवाले. सभ्य माणसाने केवळ मौजेसाठी तसे राहावे हे कोणाच्या मनातही येत नसे. स्टेबल्सनी १८८५ साली ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची लाकडी गाडी बनवून घेतली. वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई आणि अरुंद वाटेवर समोरून काही येत नाही ना हे पाही. लंडनजवळच्या ट्वायफर्डहून निघून ही गाडी थेट उत्तर स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसला पोचली. पुढच्या वर्षी त्यांनी या प्रवासाचे पुस्तक काढले. हौसेखातर कॅरव्हॅनने फिरण्याची सुरुवात इथून धरतात. १९०७ साली अशा हौशी लोकांचा क्लब निघाला, तेव्हा उपाध्यक्ष म्हणून स्टेबल्सचेच नाव होते.

आमचाही शेवटचा मुक्काम इन्व्हर्नेसच होता. फक्त घोड्यांची जागा मोटारीने घेतली होती.

सरकारी नोकर कवी

इंग्लंडच्या सरहद्दीवरून आत शिरल्यावर डाव्या हाताला डम्फ्रीस हे गाव लागते. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा लोककवी इथे राहिला आणि १७९६ साली इथेच वारला, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी. जन्म आयरशायरमधल्या आलोवे गावचा, २५ जानेवारी १७५९ चा. ती तारीख स्कॉटिश माणूस जगात जिथे असेल तिथे जेवणावळ घालून साजरी करतो.

बर्न्स शेतकऱ्याचा मुलगा. शेतीत जम बसेना म्हणून १७८९ पासून त्याने अबकारी खात्यात नोकरी धरली. पगार सुरुवातीला वर्षाला ५० पौंड. घोड्यावरून गावोगाव हिंडायचे, दारू-तंबाखूवरचा कर पाहायचा, रात्री हिशेब लिहायचे. याच फिरतीत तो जुनी लोकगीते गोळा करत असे. तुटकी कडवी सांधायचा, विसरलेल्या चालींना शब्द द्यायचा. जेम्स जॉन्सनच्या गीतसंग्रहासाठी त्याने अशी गाणी पाठवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याची भाषा लंडनची इंग्रजी नव्हे. दक्षिण स्कॉटलंडच्या घराघरांत बोलतात ती स्कॉट्स. फिरतीची नोकरी सांभाळून एका माणसाने आपल्या बोलीचे किती धन वाचवले, हे त्याच्या साध्या दुमजली घरात उभे राहिल्यावर कळते. आम्ही सरकारी नोकरीतले असल्यामुळे तिथून लवकर पाय निघेना.

एका टेकडीवर दोन स्मारके

डम्फ्रीसहून पूर्वेला एस्क नदीच्या खोऱ्यात लँगहोम आहे. लोकरीच्या गिरण्यांचे लहानसे गाव, चहूबाजूंनी हिरवे डोंगर. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत. आम्ही मुद्दाम दोन रात्री राहिलो, कारण गावाबाहेर बर्नफुट इथे १७६९ साली जॉन माल्कमचा जन्म झाला.

घरात सतरा भावंडे आणि वडील कर्जात. तेराव्या वर्षी मुलाला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत मुलाखतीला उभे केले. हैदरअली भेटला तर काय करशील, असे साहेबांनी विचारले तेव्हा तलवार काढून त्याचे डोके उडवीन, असे पोराने सांगितले आणि नोकरी मिळाली, अशी कथा सांगतात. फारसी शिकला, इराणला वकिलात नेली आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला शिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला. आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा त्यांच्याच माणसांनी घात केला होता आणि गादीवरचे मल्हारराव अजून लहान होते. लढाईचा निकाल आपल्याला ठाऊक आहे. मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि महूची छावणी वसली. आज आपण ज्या शहराला आपले म्हणतो, त्याच्या थोरवीचा आरंभ एका पराभवाच्या कागदावर आहे.

पण माल्कमचे एवढेच काम नाही. माळव्यात राहून त्याने इथल्या लोकांकडून जुनी हकीकत गोळा केली आणि १८२३ साली मध्य हिंदुस्थानावरचा आपला ग्रंथ छापला. अहिल्यादेवींना जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अजून हयात होती. माल्कमने विचारले, लोकांनी सांगितले, त्याने लिहून ठेवले. जितकी चौकशी करावी तितका बाईंविषयीचा आदर वाढतच जातो, अशा आशयाचा त्याचा अभिप्राय आहे. अहिल्यादेवींचे चरित्र लिहिताना पुढच्या सगळ्यांना या पुस्तकाकडे वळावेच लागले. होळकरांना हरवणाऱ्या माणसाने होळकरांच्या घरातल्या सर्वांत थोर स्त्रीची आठवण इंग्रजीत टिकवली. हे ऋण मानावे की ही जेत्याची चैन म्हणावी, यावर लँगहोमच्या मुक्कामात आमच्यात बराच वाद झाला. तो मिटला नाही.

गावामागच्या व्हिटा टेकडीवर माल्कमच्या नावाचा सुमारे शंभर फूट उंच दगडी स्तंभ आहे. १८३५ साली उभारला. आम्ही वर चढून गेलो. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. त्याच डोंगराच्या अंगावर थोड्या अंतरावर दुसरे स्मारक दिसते: पोलादाचे, उघड्या पुस्तकाच्या आकाराचे. ते आहे कवी ह्यू मॅकडायर्मिड याचे. तोही लँगहोमचाच, जन्म १८९२. त्याने आयुष्यभर इंग्रजीच्या वर्चस्वाशी भांडण मांडले आणि बर्न्सनंतर मागे पडलेल्या स्कॉट्स भाषेत गंभीर आधुनिक कविता लिहून दाखवली. गावाशी त्याचे पटले नाही, पण दफन मात्र तिथेच झाले.

एक स्तंभ साम्राज्य वाढवायला बाहेर पडलेल्या मुलाचा, एक पुस्तक भाषा सांभाळायला भांडलेल्या मुलाचे. एकाच गावाने दोन्ही पदरी घेतली आहेत.

याच खोऱ्यातला तिसरा मुलगा सांगितल्याशिवाय पुढे जाणे आमच्याने होणार नाही. थॉमस टेलफर्ड, जन्म १७५७, मेंढपाळाचा पोरका मुलगा. बाप जन्मानंतर काही महिन्यांतच गेला. पोराने पाथरवटाच्या हाताखाली काम धरले. माल्कमच्या आजोळच्या पासली घराण्यातल्या एका बाईंनी त्याला वाचायला पुस्तके दिली. कोणत्याही कॉलेजाचे तोंड न पाहिलेला हा पाथरवट पुढे ब्रिटनमधला सर्वांत मोठा रस्ते-पुलांचा इंजिनिअर झाला. सिव्हिल इंजिनिअरांची संस्था स्थापन झाल्यावर १८२० साली तिचे पहिले अध्यक्षपद त्याच्याकडे गेले. आमच्यासारख्या पदविका घेऊन खात्यात लागलेल्या माणसाला हे नाव अभ्यासक्रमातच भेटलेले असते. तो माल्कमच्या शेजारगावचा, हे मात्र तिथे गेल्यावर उमगले. टेलफर्डची समाधी आणि माल्कमचा पुतळा, दोन्ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहेत.

कादंबरीने घडवलेला देश

लँगहोमहून उत्तरेला जाणारा रस्ता ट्वीड नदीकाठच्या ॲबट्सफर्डला नेतो. १८११ साली स्कॉटने इथे एक साधे शेत घेतले आणि पुढच्या तेरा वर्षांत त्याचा वाडा केला. बुरूज, चिलखते, ढाली, रॉब रॉय या प्रसिद्ध बंडखोराची बंदूक. एडिनबर्गचा जुना तुरुंग पाडला तेव्हा त्याचे दारही त्याने आणून भिंतीत बसवले. ग्रंथालयात नऊ हजारांवर पुस्तके. तीही पगारदार माणसाची कमाई: स्कॉट एडिनबर्गच्या वरिष्ठ न्यायालयात कारकुनाच्या मोठ्या हुद्द्यावर होता आणि सेल्कर्क परगण्याचा शेरीफ होता. सकाळी उठून कादंबरी लिहायची आणि मग कचेरीत जायचे, असा त्याचा क्रम.

१८१४ साली ‘वेव्हर्ली’ ही त्याची पहिली कादंबरी निनावी निघाली आणि ऐतिहासिक कादंबरीची वाट रुळली. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलताना स्कॉटचे नाव हटकून निघते, त्याचे मूळ इथे आहे. १८२६ साली त्याचा छापखाना आणि प्रकाशक दोन्ही बुडाले, अंगावर लाखाहून अधिक पौंडांचे कर्ज आले. दिवाळे काढण्याचा मार्ग मोकळा असताना तो नाकारून स्कॉटने लेखणीने कर्ज फेडायला घेतले. सहा वर्षे लिहून शरीर झिजले आणि १८३२ साली याच घरात तो वारला. उरलेले कर्ज त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटले.

एडिनबर्गमध्ये रेल्वेस्टेशनचे नावच वेव्हर्ली. बाहेर पडले की समोर स्कॉटचे ६१ मीटर उंच दगडी स्मारक. लेखकासाठी एवढे मोठे स्मारक जगात क्वचितच असेल. आत २८७ पायऱ्या आहेत. आम्ही चौघांपैकी दोघेच वर गेलो. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज मीकल केंप हा सुतार होता, वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. काम पुरे होण्याआधीच १८४४ साली तो कालव्यात बुडून मेला. दोन वर्षांनी स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा तो नव्हता.

किल्ल्यात त्या पेटीतला मुकुट पाहिला. बाहेर ‘मॉन्स मेग’ ही सहा टनांची तोफ आहे. १४४९ ची, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी. १७५४ साली ती लंडनला नेली होती. स्कॉटने खटपट केली आणि १८२९ मध्ये ती परत आली. किल्ला असाही परत मिळवता येतो: आधी मुकुट, मग तोफ आणि मग त्यांच्याभोवतीच्या गोष्टी.

तळ्यातले पाणी

एडिनबर्गहून स्टर्लिंग. उंच कातळावरचा किल्ला, पायथ्याशी फोर्थ नदी. उत्तर आणि दक्षिण स्कॉटलंडची गाठ इथे पडते, म्हणून लढायाही इथेच झाल्या. १२९७ साली पुलाजवळ विल्यम वॉलेसने इंग्रजांना हरवले, १३१४ साली जवळच्या बॅनकबर्नला रॉबर्ट ब्रूसने. १५४३ मध्ये नऊ महिन्यांच्या मेरी राणीला इथे मुकुट घातला. किल्ल्यातल्या मोठ्या दरबारी दालनाला १९९९ मध्ये चुन्याचा पिवळसर सोनेरी गिलावा पुन्हा दिला, तेव्हा गावातले लोक बिचकले. त्यांना काळा दगडच जुना वाटत असे. मूळचा रंग हाच होता, हे पटायला वेळ लागला.

पुढे कॅलंडरच्या तळावर कॅरव्हॅन ठेवून नुसत्या मोटारीने लॉख कॅट्रिनला गेलो. तिकडे तळ्याला लॉख म्हणतात. १८१० साली स्कॉटचे या तळ्यावरचे दीर्घकाव्य निघाले आणि काही महिन्यांत पंचवीस हजार प्रती खपल्या. त्याच मोसमात लोकांची रीघ लागली, खानावळी भरून गेल्या. एका कवितेने पर्यटनाचा धंदा उभा केल्याचे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. तळ्यातली जुनी आगबोटसुद्धा ‘सर वॉल्टर स्कॉट’ याच नावाची.

आमचे लक्ष मात्र तळ्याच्या दुसऱ्या कामाकडे होते. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत पटकीने माणसे मरत होती. तेव्हा इंजिनिअर बेटमन याने या तळ्याचे पाणी २६ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४२ किलोमीटरच्या जलवाहिनीने शहराकडे नेले. वाट डोंगरांतून, बरीचशी बोगद्यांतून, आणि सगळा प्रवाह उताराने, पंप नाही. १८५९ साली व्हिक्टोरिया राणीने ती सुरू केली आणि आजही ग्लासगो हे पाणी पिते. आपल्याकडे नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून इंदूरला आणावे लागते. ते सांभाळणाऱ्या माणसांना कॅट्रिनच्या उताराचा हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही.

दऱ्या, कालवा आणि दोन किल्ले

ग्लेन्कोची दरी सुंदर आहे आणि तिथे गेल्यावर कोणी मोठ्याने बोलत नाही. १६९२ च्या जानेवारीअखेर सरकारी सैनिक मॅकडॉनल्ड घराण्याकडे पाहुणे म्हणून उतरले. जवळजवळ पंधरवडा त्यांच्या चुलीवरचे खाल्ले. १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच सैनिकांनी यजमानांची कत्तल केली. अडतीस माणसे मारली गेली, कितीतरी बर्फात गारठून मेली. कारण काय, तर त्यांच्या प्रमुखाची राजनिष्ठेची शपथ काही दिवस उशिरा पोचली. खाल्ल्या मिठाला न जागण्याचा हा गुन्हा तिथले लोक अजून विसरलेले नाहीत.

फोर्ट विल्यमजवळ बॅनव्हीला टेलफर्ड पुन्हा भेटतो. समुद्रापासून समुद्रापर्यंत साठ मैलांचा कॅलेडोनियन कालवा. १८०३ मध्ये काम काढले, १८२२ मध्ये खुला झाला. मधली तळी वापरून त्याने खणायचे काम २२ मैलांवर आणले. एकूण २९ जलद्वारे. बॅनव्हीला आठ जलद्वारे जिन्यासारखी एकाखाली एक आहेत, बोट सुमारे वीस मीटर वर चढते. याच काळात त्याने डोंगराळ भागात नऊशे मैलांवर रस्ते आणि हजाराच्या घरात पूल बांधून घेतले. आमची कॅरव्हॅन ज्या वाटांनी गेली, त्यांतल्या कित्येकांची आखणी त्याच्या हाताखालची.

पश्चिम किनाऱ्यावरचा आयलिन डोनन हा पाण्यातला किल्ला प्रत्येक दिनदर्शिकेवर असतो. १७१९ साली इंग्रजी जहाजांनी तोफा डागून आणि दारू उडवून तो जमीनदोस्त केला. दोनशे वर्षे नुसते ढिगारे होते. १९१२ ते १९३२ या काळात मॅक्‌रे घराण्याच्या एका लष्करी अधिकाऱ्याने तो नव्याने बांधला, पूलही तेव्हाचाच. उलट, लॉख नेसच्या काठावरचा अर्कर्ट किल्ला १६९२ मध्ये सोडून जाताना सैनिकांनीच उडवून दिला आणि तो तसाच मोडका ठेवून जपला आहे. एक भरलेला, एक मोडका. दोन्हीकडे गर्दी सारखीच. आपला राजवाडा १९८४ साली जळाला तेव्हा पुन्हा उभा करावा की नाही, कसा करावा, हा प्रश्न आपल्याही पिढीने पाहिला आहे.

लॉख नेस सुमारे २३० मीटर खोल आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांत मिळून नसेल एवढे पाणी एकट्या या तळ्यात आहे. त्यातल्या ‘राक्षसा’च्या बातम्या १९३३ पासून गाजू लागल्या. पुढच्या वर्षीचा तो प्रसिद्ध फोटो खोटा होता, हे १९९४ मध्ये उघड झाले. तरी दुकाने चालू आहेत.

कलोडन आणि त्यानंतर

इन्व्हर्नेसजवळ कलोडनचे माळरान. १६ एप्रिल १७४६ रोजी स्टुअर्ट घराण्याच्या राजपुत्राचे डोंगरी सैन्य इथे सरकारी फौजेपुढे तासाभराच्या आत संपले. सुमारे दीड हजार माणसे पडली. सरकारी बाजूची पन्नासच्या आसपास. १८८१ मध्ये बसवलेल्या दगडांवर एकेका कुळाचे नाव आहे. काहींवर फक्त ‘मिश्र कुळे’ एवढेच.

आमच्या मनात पानिपत येणे साहजिक होते, आणि फरकही लगेच ध्यानात आला. पानिपतानंतर दहा वर्षांत महादजी शिंदे दिल्लीत होते. कलोडननंतर डोंगरी कुळे पुन्हा उभी राहिली नाहीत. शस्त्रे काढून घेतली, त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखावर १७८२ पर्यंत बंदी होती. पुढे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावेच्या गावे उठवली. माणसे कॅनडाला गेली, ग्लासगोच्या गिरण्यांत गेली, पुष्कळशी इंग्रजी पलटणींत भरती झाली. हरलेल्यांची मुले जेत्यांच्या फौजेतून दुसऱ्यांना हरवायला निघाली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हा स्कॉटने ज्या पोशाखावर बंदी होती तोच राजाच्या अंगावर चढवला. पोशाख जिंकला, पण तो विणणाऱ्यांची गावे ओस पडत होती.

इन्व्हर्नेसच्या पूर्वेला बॅम्फ. स्टेबल्सच्या मुलखातले हे गाव ग्रँट डफचेही. साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या या माणसाने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. मराठीत तो ‘मराठ्यांची बखर’ म्हणून आला. त्यातल्या चुका दाखवण्यासाठी नीळकंठ जनार्दन कीर्तने पुढे सरसावले आणि त्या वादातून मराठी इतिहाससंशोधन घडत गेले. परक्याने लिहिले म्हणून आपण लिहिते झालो, हेही खरे आहे.

किल्ले आणि भाषा

उत्तरेकडे पुष्कळ रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत असतात: वर गेलिक, खाली इंग्रजी. बारा दिवसांत गेलिक बोलताना मात्र आम्ही कोणाला ऐकले नाही. १८९१ च्या जनगणनेत अडीच लाखांवर लोक ती बोलत होते. २०११ मध्ये सत्तावन्न हजारांच्या आसपास राहिले. कलोडनने ही भाषा मारली असे म्हणतात, पण १८७२ च्या शिक्षण कायद्याचाही त्यात मोठा वाटा आहे. त्याने शाळा सर्वांना सक्तीच्या केल्या आणि गेलिकला त्यात जागा ठेवली नाही. मुले शाळेत इंग्रजी शिकली, मोठी झाली, आणि आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलू लागली. कोणी तलवार उपसली नाही. २००५ साली कायद्याने गेलिकला मान मिळाला, तिच्या माध्यमाच्या शाळा निघाल्या आहेत, पालक हौसेने मुलांना घालतात. पण आजी जे फुकट देत असे ते आता सरकारी अनुदानाने द्यावे लागते.

स्कॉटलंडने मुकुट शोधला, तोफ परत आणली, किल्ला नव्याने बांधला, मोडका किल्ला मोडकाच जपला. हे सगळे पैसे आणि चिकाटी असली की होते. भाषेचे मात्र एका पिढीने सोडले की दुसऱ्या पिढीला ती शिकवणी लावून शिकावी लागते.

इंदुरात आपली मुले मराठी बोलतात. वाचायला दिली की बरीचशी अडखळतात, लिहायला सांगितली की हिंदीत लिहितात. मोडी तर आपल्यातल्या थोड्यांनाच लागते, आणि कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे रुमाल, सनदांच्या नकला, जमाखर्चाच्या वह्या, माहेरहून आलेली पत्रे माळ्यावर आहेत. माल्कमने दोनशे वर्षांपूर्वी माळव्यातल्या म्हाताऱ्यांना विचारले आणि त्यांनी सांगितले ते उरले. त्याने जे विचारले नाही ते गेले. आज आपल्या घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना कोण विचारते आहे?

मंडळाच्या तरुण मुलांकडे आमची एवढीच मागणी आहे. यंदा गणपती उठल्यावर पुढच्या गणपतीपर्यंत प्रत्येकाने आपल्याच घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे. घराणे इंदूरला कधी आले, कोणाबरोबर आले, कोणत्या वाड्यात उतरले, काय नोकरी-धंदा केला, हे त्यांच्याच शब्दांत मराठीत उतरवून घ्यावे. माळ्यावरचे रुमाल उतरवून त्यांची नुसती यादी केली तरी पुष्कळ. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत अशा दहा घराण्यांच्या हकीकती आल्या, तर त्या लिहायला लँगहोमच्या कोणा साहेबाची वाट पाहावी लागली नाही, असे आपल्याला म्हणता येईल.